सावलीची मिळकत

मराठी वाचकाच्या स्मृतीत भोपाळचे नाव येते ते बहुधा रणवार्तेच्या संगतीने. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला याच शहराच्या आश्रयास कोंडले, त्याची रसद तोडली आणि १७३८ च्या जानेवारीत दोराहा सराई येथे त्याच्याकडून माळव्याचा तह लिहवून घेतला. पुढे १८१२-१३ मध्ये शिंद्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी मिळून शहराला वेढा दिला आणि वजीर मुहंमद खानाने तो मोठ्या धैर्याने सोसला. आमच्या इतिहासग्रंथांना भोपाळविषयी एवढे सांगितले की पुरेसे वाटते. परंतु ज्या नगरीत ऐशबाग, बडा बाग, बाग फरहत अफ्झा, बाग उमराव दूल्हा, बाग मुगालिया, बाग सेवनिया अशी स्थळनामे, त्या बागांची बहुतेक जमीन इमारतींखाली गेल्यानंतरही, लोकांच्या तोंडी आणि सरकारी दप्तरात टिकून राहिली, त्या नगरीला तहांच्या आणि वेढ्यांच्या जोडीला उद्यानांचाही एक इतिहास असला पाहिजे, आणि तो मला पहिल्याहून अधिक उपयोगाचा वाटतो. उपयोगाचा अशासाठी की, ज्या गृहस्थाच्या वाट्याला घराच्या उत्तरेची चार हात रुंदीची, उन्हाचा कवडसाही क्वचित येणारी जागा आलेली आहे, ज्याने आयुष्यात कधी रोप लावलेले नाही आणि ज्याच्या हाती महिनाअखेर थोडेच पैसे उरतात, त्याने बाग करावी की करू नये आणि करावयाची तर कशी, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात आहे.

प्रारंभ करावा लागतो तो शहरापासून सुमारे चार कोसांवर, बैरसिया रस्त्याच्या बाजूला असलेल्या जगदीशपुरात. सरदार दोस्त मुहंमद खान या अफगाण शिलेदाराने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते ठाणे घेऊन त्याला इस्लामनगर हे नाव दिले आणि तेथे तांबड्या वालुकाश्मात चमन महाल उभारला. हा महाल म्हणजे भिंतींनी बंदिस्त केलेली, पाण्याच्या पाटांनी आणि कारंज्यांनी विभागलेली बाग आणि तिच्या कडेची कमानदार ओसरी. पाहणाऱ्याचे लक्ष कमानींवरील नक्षीकडे जाते. परंतु मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा माळव्याच्या पठारावर पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि वारा अंगाला भाजून काढतो, तेव्हा त्या ओसरीत उभे राहिले म्हणजे बांधणाऱ्याचा खरा हेतू कळतो. भिंत, ओसरी आणि पाणी या तिहींच्या योगाने त्याने सावली निर्माण केली होती, आणि झाडे लावली ती त्या सावलीत भर घालण्यासाठी. ऊन या प्रदेशात फुकट आणि मुबलक होते. सावली मात्र दगड घडवून, विहिरी खणून आणि पिढ्यान्‌पिढ्या झाडे राखून मिळवावी लागे. शहरालगतच्या बडा बागेत नवाबांच्या कबरी आहेत आणि तेथेच तीन मजली बावडीही आहे. जिच्या खालच्या मजल्यांवर उन्हाळ्यातही गारवा असतो ती विहीर बागेच्या पाण्याची सोय होती आणि तीच बागेचा सर्वांत शीतल भागही होती.

पाण्याच्या बाबतीत या शहराचे शहाणपण फार जुने आहे. बडा तलाव परमार राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो आणि कोलांस नदीला घातलेल्या मातीच्या बांधावर तो नऊशेहून अधिक वर्षे उभा आहे. त्या बांधावरच आजचे कमला पार्क वसले आहे. १७९४ मध्ये दिवाण छोटे खानाच्या कारकिर्दीत त्याच्या खालच्या अंगास छोटा तलाव झाला. पुढे शहाजहान बेगमेने (राज्यकाल १८६८ ते १९०१) शहाजहानाबाद ही वस्ती वसविली, तेव्हा तेथे ईदगाह टेकडीच्या उतारावर तीन तळी पायऱ्यांप्रमाणे एकाखाली एक बांधण्यात आली, म्हणजे वरच्या तळ्यातून ओसंडलेले पाणी मधल्यात आणि मधल्यातले खालच्यात यावे. ज्या बेगमेच्या ताजमहाल नावाच्या प्रासादाच्या चौकात सावन-भादों ही जलमंडपी आहे, आणि जिच्यात ऐन उन्हाळ्यात कृत्रिम पर्जन्याचा आभास उत्पन्न केला जाई, तिच्याच अमदानीत पाण्याचा थेंबही वाया न घालविणारी ही तिपेडी रचना व्हावी, हे मला विशेष बोधप्रद वाटते. मंडपी खजिन्याच्या जोरावर झाली. तळ्यांमागचा विचार मात्र एका पैशाशिवाय कोणाही घरात आचरता येतो. तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला, आणि कुंडीतून झिरपलेले खालच्या अळूला, एवढीच ती गोष्ट.

राजघराण्याच्या बागा प्रजेच्या घरात उतरल्या त्या जुन्या शहराच्या तटबंदीत. तेथील गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांस खेटून, आणि पडद्याचा शिरस्ता कडक. त्यामुळे घराचा मोकळा अवकाश रस्त्याकडे न राहता आत, चौकात आला. त्या चौकात सूर्य माथ्यावर असेल तेवढाच वेळ ऊन येई, उरलेला दिवस भिंतींची सावली. कुंड्यांची एक ओळ, पाण्याचा हौद किंवा रांजण, एखादा वेल आणि माती ओली झाली की सुटणारा गंध, एवढ्या सामग्रीवर हे अंगण उद्यान होई. चमन महालात जे भव्य प्रमाणावर होते ते येथे खाटेएवढ्या जागेत आले, आणि माझ्या मते तत्त्वतः त्यात काहीही उणे झाले नाही.

अशा सावलीच्या चौकात जगणाऱ्या वनस्पतींचा पुरवठा एकोणिसाव्या शतकात एकाएकी वाढला, त्याचे कारण लंडनमधील एक वैद्य. नॅथॅनिएल वॉर्ड याने १८३० च्या सुमारास दाखवून दिले की घट्ट बंद केलेल्या काचेच्या पेटीत रोप महिनोन्‌महिने पाण्यावाचून जगते. मग दूरदेशींची रोपे जहाजांवरून सर्वत्र पसरू लागली. दक्षिण अमेरिकेचे कॅलॅडियम, मोलुक्का बेटांचे क्रोटन, आफ्रिकेचे स्नेक प्लांट आणि प्रशांत महासागरातील मोओरिया बेटाचा मनीप्लांट ही आज आपल्या जिन्यांत दिसणारी मंडळी परदेशी आहेत. त्यांतील बरीचशी मूळची घनदाट अरण्याच्या तळाशी, मोठ्या वृक्षांच्या छत्राखाली वाढणारी. म्हणून अंधाऱ्या ओसरीचे त्यांना दुःख होत नाही.

परंतु अल्प खर्चाच्या बागेचे खरे पर्व भोपाळात सुरू झाले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जेव्हा नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे आली. तोवर जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार नागपुराहून चाले. विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक कारकून, हिशेबनीस आणि अंमलदार, ज्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती, दप्तरांच्या गाठोड्यांसह भोपाळला रवाना झाले. ग्वाल्हेर-इंदुराकडून आलेले मराठी लोक निराळेच. त्यांच्यासाठी वसविलेल्या तात्या टोपे नगरात आणि पुढे शिवाजी नगरात क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या. कित्येक वस्त्यांची ओळख घरांच्या संख्येवरून पडली आणि ‘अकराशे क्वार्टर’, ‘बाराशे पन्नास’ ही नावे अद्याप रूढ आहेत. बदलीची टांगती तलवार असलेल्या आणि ठरावीक पगारावर संसार करणाऱ्या माणसाने सरकारी जमिनीत झाड लावावे, याला एक निःस्पृहता लागते; ती या लोकांनी दाखविली. पुढच्या दारी तुळस, मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ, डाल्ड्याच्या नाहीतर रॉकेलच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडून त्यात पानओवा किंवा ब्राह्मी, आणि कुंपणाशी कडुनिंबाचे एक रोप. डबा स्वयंपाकघरातून येई, खत गवळ्याकडून आणि फाटा शेजारणीकडून. बाजाराशी या बागेचा संबंधच येत नसे.

विदर्भातून आलेल्या घरांना सावलीतली शेती परकी नव्हती. रामटेकच्या बारी समाजाचे पानमळे आणि अंजनगाव सुर्जीकडची पानपिंपरी ज्यांनी पाहिली होती, त्यांना हे ठाऊक होते की विड्याचा वेल उघड्या उन्हात करपतो. म्हणून आपल्याकडे आधी शेवरी, पांगारा, हादगा यांचे बी टाकून सावली उगवून घेतात आणि मग तिच्या आश्रयाने वेलाचे फाटे लावतात. बुंदेलखंडात, छतरपूर-महोब्याकडे, याच कामासाठी बांबू आणि गवताचे छप्पर घातलेला बरेजा बांधतात. म्हणजे ज्या सावलीपायी आपला नवशिका खिन्न होऊन बसतो, ती उत्पन्न करण्यासाठी पानमळेवाला मोसमभर आगाऊ खर्च आणि श्रम करतो. भोपाळसारख्या तांबूलप्रिय शहरात, उत्तरेच्या भिंतीशी सावली आयती मिळाली असता, पहिला मान विड्याच्या वेलाला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बाकीची रीत थोडी आहे. रोप आणण्यापूर्वी निदान काही दिवस जागेचा अभ्यास करावा. दुपारी कागदावर हात धरला असता छाया रेखीव पडली तर ती जागा अर्धसावलीची, तेथे तेरडा, पुदिना, हळद, आले होईल. छाया अस्पष्ट पडली किंवा पडलीच नाही तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेचे यांवर संतोष मानावा, आणि मोगरा-गुलाबाचा हट्ट धरू नये. भोपाळची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन भाग मातीत एक भाग वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि एक भाग कुजलेले शेणखत मिसळले म्हणजे तिचा स्वभाव निवळतो. कडुनिंबाची पाने वसंतात गळतात तेव्हा ती जाळण्याची दुष्ट वहिवाट सोडून खड्ड्यात किंवा जुन्या पोत्यात ओली करून दाबून ठेवावी. सहा महिने ते वर्षभरात काळे, हलके खत हाती येते. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा. सावलीतली माती लवकर वाळत नाही, यास्तव बोट खुपसून पाहिल्याखेरीज पाणी घालू नये. सावलीतली झाडे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात.

क्वार्टरांभोवती वाढलेल्या झाडांवर मात्र पुढे संकट आले. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेसाठी शिवाजी नगर आणि तुळशी नगर या वस्त्या निवडल्या गेल्या, तेव्हा तेथील वृक्षांसाठी नागरिकांनी विरोध केला आणि योजना तात्या टोपे नगराकडे वळविण्यात आली, जिथल्या जुन्या क्वार्टरांच्या रांगा मग पाडल्या गेल्या. २०२४ च्या जूनमध्ये त्याच शिवाजी नगर-तुळशी नगरात मंत्र्यांच्या आणि आमदारांच्या नव्या निवासांचा प्रस्ताव आला. सुमारे २९ हजार झाडे तुटणार असे कळताच स्त्रिया रस्त्यावर आल्या, त्यांनी खोडांना मिठ्या मारल्या आणि सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तुटावयाच्या त्या झाडांपैकी कितीतरी, महिन्याच्या पगारातून बागेसाठी पैसा काढणे ज्यांना शक्य नव्हते अशा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनी लावलेली आणि वाढविलेली होती.

जुनी घरे जाऊन जिथे बहुमजली इमारती येत आहेत, तिथल्या उत्तराभिमुख गॅलरीत हाच वारसा नेता येतो. मृगानंतर, जूनच्या उत्तरार्धात पाऊस भोपाळला स्थिरावला म्हणजे हवा दमट होते आणि फाट्यांना मुळे सुटण्यास तो काळ सर्वोत्तम असतो. ज्या जुन्या क्वार्टरात पानवेल किंवा पानओवा असेल, तेथील बाईंना विचारून तीन-चार पेरांचा, वीतभर लांबीचा फाटा मागून आणावा, खालची पाने काढावी, दोन पेरे मातीत जातील असा लावावा आणि नवी पाने दिसेपर्यंत जागेवरून हलवू नये.