नकाशाच्या कोपऱ्यातली सही
बीड-परळी रस्त्यावरच्या तेलगावात वास्तू-तंत्रज्ञानाची पदवी घेऊन कुणी घरी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे आर्किटेक्टच ना?" 'नाही' म्हटलं तर चेहरे पडतात, 'हो' म्हटलं तर कायदा आडवा येतो. हा घोळ जुना आहे.

व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटलं की वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स आठवतात. 1878 साली सुरू झालेल्या त्या कामावर सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. पुढे ताजमहाल हॉटेलच्या आराखड्यातही वैद्यांचा मोठा वाटा होता. 1903 मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा मात्र ते हयात नव्हते. गेटवे ऑफ इंडियाचंही तसंच. कल्पना जॉर्ज विटेट यांची, प्रत्यक्ष काम पाहायला रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई. ही माणसं नुसती हाताखालची म्हणायची का, हा प्रश्नच आहे.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं वास्तुशिक्षणही 1896 साली ड्राफ्ट्समनच्या वर्गापासूनच सुरू झालं. साहेबांच्या कचेऱ्यांना स्वच्छ रेघ मारणारे हात हवे होते. त्याच वर्गाचं पुढे वास्तुकलेचं महाविद्यालय झालं.

ड्राफ्ट्समनच्या वाटेने 'आर्किटेक्ट' होण्याचं दार बंद झालं ते 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने. वास्तुकला परिषदेत नोंदणी असेल त्यानेच 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायचं, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी, म्हणजे आज पाच वर्षांचं बी.आर्क. मात्र 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की या कायद्याने राखून ठेवली आहे ती पदनामाची पाटी. आराखड्याचं काम नव्हे.

म्हणून तेलगावच्या पदवीधराला वाटा उरतात, पण सरळ नाहीत. एम.आर्क.ला बी.आर्क. लागतं, तिथे जायचं तर नाटासारखी प्रवेशपरीक्षा देऊन पुन्हा पहिल्या वर्षापासून. बांधकाम व्यवस्थापन किंवा जुन्या वास्तूंचं जतन शिकायचं, तर प्रत्येक संस्थेची अट आधी वाचावी लागते. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत संगणकावर इमारतीचं त्रिमितीय मॉडेल उभं करणाऱ्यांना मागणी आहे, तिथे पदवीपेक्षा हात पाहतात. गावाजवळ राहायचं असेल तर पर्यवेक्षकाचा परवाना: राज्याच्या नियमावलीत आर्किटेक्ट आणि अभियंत्यानंतर हा वर्ग येतो, त्याची सही छोट्या घरांपुरती चालते. धारूर-माजलगावकडे बांधली जाणारी बरीचशी घरं तेवढीच असतात.