आजोबांच्या नावाची मैफल

बडनेऱ्याहून भुसावळकडे जाणारी गाडी धरली, की कुरूम, माना ही गावे मागे पडतात आणि मूर्तिजापूर येते. येथून एके काळी शकुंतला गाडी यवतमाळ आणि अचलपूरकडे जात असे, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. मागे मी वर्गात सहज विचारले, "मूर्तिजापुरात जन्मलेला मोठा गवई कोण?" मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, तुम्हीच सांगा ना जी!"

तर सांगतो. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरचा. वडिलांच्या घरचे छत्र त्यांना लाभले नाही. आईने त्यांना नागपुरात कष्टाने वाढवले. तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पुढे लाहोरला असद अली खाँ यांची तालीम मिळाली, आणि मास्टर दीनानाथांच्या गायकीचे वेड तर जन्मभर राहिले. पण गाण्यावर पोट भरेना. म्हणून पुण्यात सैन्याच्या हिशेबखात्यात त्यांनी कित्येक वर्षे नोकरी केली. दिवसा आकडे आणि रात्री स्वर! १९६७ च्या डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले आणि त्यांचा खाँसाहेब महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. कीर्तीने यायला किती उशीर केला, पाहा.

३० जुलै १९८३ रोजी ते गेले. त्यांचा नातू राहुल तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. आजोबांनी समोर बसवून शिकवावे, हा योग नव्हताच. जे मिळाले ते ध्वनिमुद्रणांतून आणि इतर गुरूंकडून. त्याच नातवाने मोठेपणी २००७ साली पुण्यात आजोबांच्या स्मरणार्थ 'वसंतोत्सव' सुरू केला, २०१० साली 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आणले आणि २०२२ साली आलेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटात आजोबांची भूमिकाही केली. त्यातील गाण्यासाठी त्याला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

घरातल्या माणसासाठी संगीताची बैठक करण्याची रीत जगभर आहे. युरोपात पियानो उघडतात, एक जण त्याच्या शेजारी उभा राहून गातो, आणि गेलेल्याची आठवण होते. आपल्याकडे पियानोच्या जागी पेटी आली. तीही मूळची परदेशीच. पॅरिसमध्ये १८४० साली हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले. आपल्या कारागिरांनी तिला मांडीशी बसून वाजवण्याजोगी केली. गंमत अशी, की तिचे स्वर पक्के बांधलेले, त्यांत मींड निघत नाही, असे म्हणून खुद्द आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली होती. ती सुमारे तीस वर्षांनी सैल झाली. मैफलीने मात्र तिला कधी उठवले नाही. वसंतरावांच्या मागे खुद्द पु. ल. देशपांडे पेटीला बसत. वसंतरावांची तान कोणत्या गल्लीतून शिरेल आणि कोणत्या चौकात निघेल, याचा नेम नसे. त्या तानेमागे पेटीने धावायचे, हाही एक खेळच असे.

आता येथे एक अडचण उभी राहते. माझे घराणे माझ्यापासून सुरू होते, असे वसंतराव म्हणत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्याने कोणाची नक्कल केली नाही, त्याचा सन्मान नातवाने कसा करावा? हुबेहूब आजोबांसारखे गावे, तर आजोबांचाच बाणा मोडतो. अगदी वेगळे गावे, तर लोक विचारतील, मग नाव कशाला सांगता? मला वाटते, उत्तर पेटीसारखेच आहे. परक्या घरून आलेली वस्तू आपण जशीच्या तशी ठेवली नाही आणि टाकूनही दिली नाही. आपल्या बैठकीला चालेल अशी करून घेतली. वारसाही असाच करून घ्यावा लागतो. आजोबांची पदे गाऊन झाल्यावर नातवाने स्वतःचा श्वास घेतला, तरच ते पद जिवंत राहते.

नागपुरात वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे, पुण्यात त्यांच्या नावाचा उत्सव झाला. आणि आपण वऱ्हाडकर? आपल्या मुलांना नावही सांगितले नाही, हा दोष माझ्यासारख्या मास्तरांचा. २ मे दर वर्षी येतो. एक तंबोरा, एक तबला, एक पेटी आणि गाणारा एखादा मुलगा, एवढे आपल्या कोणत्याही गावात जमते. त्याला वसंतरावांसारखे गाता आले नाही तरी चालेल. आपण कोणासाठी गातो आहोत, एवढे त्याला ठाऊक असावे.