उतारावर ॲक्सिलरेटर

राजूर घाट उतरताना बाबा मधूनच क्लच दाबायचे आणि ॲक्सिलरेटर जोरात पिळायचे. गाडी तर आपल्या आपणच खाली निघालेली असायची. तरी एकदम इंजिन ओरडायचं, मागे निळसर धुराचा एक गोळा उठायचा आणि दोन वळणं गेली की पुन्हा तेच. मागे बसलेली आई हमखास म्हणायची, "कायले पेट्रोल जाळता उतारावर?" बाबा उत्तर द्यायचे नाहीत. टाकीवर बसलेल्या मला, म्हणजे पाच वर्षांच्या पोराला, वाटायचं की बाबा शायनिंग मारतायत.

ते इंजिनाला तेल पाजत होते, हे मला कळायला तीस वर्षं लागली. तोवर ती येझ्दी रोडकिंग आमच्या चिखलीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये गेली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या.

बुलडाणा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. आमच्याकडे माणूस कुठला, हे विचारताना आधी 'घाटावरचा की घाटाखालचा' असं विचारतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हे घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणि तिच्या पलीकडच्या पठारावर. जिल्ह्याचं ठिकाण बुलडाणा आणि रेल्वेवरचं मलकापूर यांच्यात रस्त्याने जेमतेम ४५ किलोमीटर, पण उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक. रेल्वे घाटाखालीच राहिली. कापसासाठी जलंबहून खामगावला फाटा निघाला तो १८७० साली. घाटावर आजही गाडी आलेली नाही. खामगाव-जालना रेल्वेचं नाव मात्र आमच्या आजोबांपासून ऐकतोय.

म्हणून मधल्या माणसाला चढ-उतार करायचा तर एसटी, नाहीतर फटफटी. मलकापूरहून आलात तर राजूर घाट, खामगावहून आलात तर बोथा घाट, ज्ञानगंगेच्या जंगलातून. विमा एजंट, ढोरांचे डॉक्टर, कापसाचे व्यापारी, बियाणं विकणारे, ज्यांना एका दिवसात खाली जाऊन परत वर यायचं असे, त्यांची गाडी म्हणजे टुरिंग मोटरसायकलच होती. हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, एवढंच. बाबा विमा एजंट होते.

आता या गाड्या आल्या कुठून? स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि तयार मोटरसायकली बाहेरून आणण्यावर सरकारने बंदी आणली. मग जो तो परवाना घेऊन इथेच गाड्या बनवायला लागला. १९५५ साली मद्रासला इंग्लंडच्या रेडिचमधल्या रॉयल एनफिल्डच्या साथीने बुलेट जुळवायला सुरुवात झाली. १९६० च्या सुमारास रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा काढली. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून झालेलं 'जावा' हे नाव चेकोस्लोव्हाकियातलं, कंपनी १९२९ ची. १९६२ पासून एस्कॉर्ट्सने फरिदाबादला राजदूत बनवली, ती पोलंडच्या एसएचएल गाडीवरून. पुढे १९७३ मध्ये म्हैसूरच्या जावाची येझ्दी झाली आणि १९७८ मध्ये रोडकिंग आली. म्हणजे शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंची यंत्रं बोथ्याच्या घाटात एकाच वळणावर एकमेकांना हॉर्न देत होती!

यातल्या जावा, येझ्दी आणि राजदूत या टू-स्ट्रोक. सगळी गोष्ट इथे अडकलेली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तुमच्या आजच्या गाडीत इंजिन ऑइल वेगळं असतं. ते खाली साठतं, पंप ते वर फेकतो आणि इंजिन फिरतंय तोवर पिस्टनला तेल मिळत राहतं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये असं काही नव्हतं. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे साधारण ४० मिली. पिस्टन नवा टाकला असेल तर थोडं जास्त. तेच मिश्रण कार्बोरेटरमधून क्रँकमध्ये जातं, बेअरिंगला आणि पिस्टनला तेल लावतं, मग वर जाऊन जळतं. निळा धूर त्याचाच. सोपं, स्वस्त, हलणारे भाग कमी. पण या सोपेपणात एक खोच आहे. पेट्रोल बंद तर तेलही बंद.

आता घाट उतरा. ॲक्सिलरेटर सोडलेला, गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनाला फिरवतायत. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतोय आणि त्याला येणारं तेल जवळजवळ थांबलेलं. अशी पाच-सात वळणं झाली की पिस्टन कोरडा पडायला लागतो. हा दोष काही भारताचा नव्हता. स्वीडनच्या साब आणि पूर्व जर्मनीच्या वार्टबुर्ग या टू-स्ट्रोक मोटारींत यासाठीच फ्रीव्हील बसवलेलं असे. पाय उचलला की इंजिन चाकांपासून आपोआप सुटायचं आणि आपल्या संथ गतीने फिरत राहायचं. आमच्याकडे फ्रीव्हीलचं काम बाबांचा डावा हात करत होता.

त्यांना हे शिकवलं चिखलीच्या एका मिस्त्रीने. त्यांचे वडील घाटाखाली जिनिंगमध्ये फिटर होते आणि ते स्वतः विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता मोटरसायकलींकडे आले. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांचं म्हणणं बाबा पुढे अनेकदा सांगत: "भाऊ, उतारावर गाडी फुकट चालते असं वाटते. पण तिचं तेल पेट्रोलसंगंच येते न. दोन वळणाले एक घोट द्या तिले."

हे ज्ञान फुकट मिळालेलं नव्हतं. मी जन्मायच्या आधी, मे महिन्यात, बाबा एका ओळखीच्याची जुनी जावा घेऊन खामगावहून बोथा घाट चढत होते. मागे माणूस, पुढे पिशव्या. घाटाखालचा मे म्हणजे ४४-४५ अंश. अर्ध्या चढावर आवाज बारीक झाला, जोर गेला, ॲक्सिलरेटर पिळून काही होईना. बाबांनी आणखी पिळला. तिथेच चुकलं. पुढच्या क्षणी मागचं चाक जाम झालं आणि गाडी फरफटत कडेला गेली. याला आपण इंजिन सीझ झालं म्हणतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि तेलाची फिल्म तुटली की त्यालाच घासून चिकटतो.

अशा वेळी काय करायचं, ते काकांनी नंतर सांगितलं. आवाज बदलला की लगेच क्लच दाबायचा, चाक मोकळं करायचं. गाडी सावलीत लावून अर्धा तास हात लावायचा नाही. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं. गार झाल्यावर प्लग काढायचा, भोकातून चमचाभर तेल सोडायचं आणि किक हाताने हळूहळू दाबून बघायची. बहुतेक वेळा पिस्टन सुटतो. मग सावकाश घरी. घरी आल्यावर हेड आणि सिलिंडर उतरवून, सायलेन्सरच्या बाजूला पिस्टनवर ओरखडे असतात ते बघायचे, सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरने काढायचं आणि खाचेत अडकलेल्या रिंगा मोकळ्या करायच्या. सिलिंडरलाच खोल रेघ गेली असेल तर मात्र लेथवर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकायचा. ती जावा पाव मिलिमीटरवर निभावली.

काकांकडे मीटर नव्हता. त्यांची तपासणी अशी. गाडी सुरू होत नाही? आधी प्लग काढ. प्लग चॉकलेटी असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. काळा आणि ओला असेल तर तेल जास्त पडलंय किंवा चोक अडकलाय. पांढरा असेल तर सावध, इंजिन कुठूनतरी जास्तीची हवा ओढतंय आणि तापतंय. कधी कधी प्लगच्या फटीत कार्बनचा केसाएवढा पूल तयार होतो आणि ठिणगीच पडत नाही. तो नखानेही निघतो. प्लग साफ करून हेडला टेकवून किक मार. ठिणगी नाही? मग पॉइंट बघ. पॉइंटवर खड्डे पडलेत आणि तिथे निळी ठिणगी उडतेय, तर कंडेन्सर गेलाय. गाडी थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर मिस मारते, तरी पहिला संशय कंडेन्सरवरच. प्लगची फट मोजायला ते हॅकसॉ ब्लेडचा तुकडा वापरायचे.

ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, तरी गाडी चढावर दम टाकते? सायलेन्सर तुंबलाय. टू-स्ट्रोकच्या तेलाची काजळी आतल्या जाळीवर बसत जाते. काका ती जाळी काढून विस्तवात लाल होईपर्यंत जाळायचे, मग ठोकून झटकायचे. गाडी अचानक पांढरा धूर ओकायला लागली आणि त्याच वेळी गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय, तर क्रँकचं क्लचकडचं सील गेलं. इंजिन गिअरबॉक्समधलं तेल पितंय. ही शेवटची खूण मला फार आवडते. दोन वेगळ्या तक्रारी एकत्र ठेवल्या की एकच उत्तर निघतं.

बुलेटवाल्यांचा पंथ वेगळा. चार-स्ट्रोक असल्यामुळे घाट उतरताना ते निर्धास्त, उलट इंजिनाच्याच ब्रेकवर डुगडुगत खाली यायचे. त्यांची परीक्षा सकाळी असायची. ॲमीटरची सुई मध्यावर आणायची, डीकॉम्प्रेशनची लिव्हर दाबून पिस्टन किंचित पुढे न्यायचा आणि मग किक. चुकलं तर किक उलटी पोटरीवर. आमच्याकडे बुलेट नव्हती, त्यामुळे त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्या जाहिरातीचा मथळाच असा होता की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मला हे वाक्य जिल्ह्याच्या इतिहासातलं एक मोठं वळण वाटतं. चार-स्ट्रोक, तेल वेगळं, दुप्पट चालणारी. घाट उतरताना काही करायची गरज नाही. ज्याने ती घेतली त्याने खरंच विसरून टाकलं आणि त्याचं काही चुकलं नाही. माझ्या एका मामाने राजदूत विकून ती घेतली, तेव्हा बाबा त्यांना 'विसरभोळे' म्हणायचे. पेट्रोलचा हिशेब केला तर मामांचंच बरोबर होतं. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्यानंतर बाबांनी तीन-चार वर्षं सुटे भाग जमवले, एक पूर्ण गॅस्केट सेट कपाटात साड्यांखाली ठेवला, आणि शेवटी एका पावसाळ्यात गाडी शेडमध्ये गेली.

बाबा गेल्यावर मी ती बाहेर काढली. नंबर अजून एमएच-२८ च्या आधीचा. नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, इथे तर सगळंच संपलेलं. कागदांच्या त्या फेऱ्या सांगत नाही, कंटाळवाण्या आहेत. काका हयात होते, हात थरथरत होते. ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी पाना धरायचो.

क्रँकची सील वाळून दगड झाली होती. इंटरनेटवरून मागवलेली पहिली जोडी नकली निघाली, दुसरी बसली. टाकीतला गंज काढला, पॉइंट घासले, क्लचच्या प्लेटा बदलल्या. गाडी सुरू झाली तेव्हा काका रडले वगैरे नाहीत. त्यांनी प्लग काढायला सांगितला. प्लग पांढरा होता.

हवा कुठून ओढत नव्हती, सगळं तपासलं. मग लक्षात आलं की पेट्रोलच बदललंय. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून आलेलं मिश्रण इंजिनाच्या दृष्टीने पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी बसू शकतं, आणि जुनं रबर फुगतं ते वेगळंच. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासून होतं. मका मोताळा-मलकापूरकडेही पिकतो, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार! काकांना इथेनॉलचं मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग जेट एक नंबर मोठा टाक. अन् तेलाचं माप कमी करू नको."

मोठा जेट टाकला, फ्लोटची पिन आणि नळ्या नव्या टाकल्या. तिसऱ्या फेरीनंतर प्लग फिक्का चॉकलेटी आला. आता मी टाकी भरून गाडी उभी ठेवत नाही, लागेल तेवढंच पेट्रोल घेतो आणि तेल पंपावरच मोजून मिसळतो. पंपावरचा मुलगा दर वेळी विचारतो की हे काय टाकताय.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेड राजावरून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या गाडीला जुनाच रस्ता.

गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा मलकापूरला निघालो. मागे माझी मुलगी, वय अकरा. बुलडाणा सोडल्यावर घाट लागला, ॲक्सिलरेटर सोडला, गाडी उताराला लागली. दोन वळणं झाली. मी क्लच दाबला आणि मूठ पिळली. इंजिन ओरडलं, मागे धूर गेला.

"बाबा," मुलगी कानाशी ओरडली, "शायनिंग नका मारू."

राजूरला चहाला थांबल्यावर मी तिला प्लग काढून दाखवला.