अमळनेरच्या शिक्षकाची प्रयोगशाळा

दिवाळीनंतर जामनेर तालुक्यात कापसाची वेचणी जोरात असते. पोटाला ओटी बांधून बाया दिवसभर वाकलेल्या. मजुरी किलोवर, त्यामुळे कंबर सरळ करायलाही फुरसत नसते. हंगाम सरतो, कंबरदुखी राहते. एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो आणि घरची माणसं म्हणतात, हिच्या मनाचेच खेळ. पण तिचं दुखणं खरंच असतं. तीन महिन्यांहून जास्त रेंगाळणाऱ्या दुखण्यात स्नायूंइतकाच मज्जासंस्थेचाही वाटा असतो, आणि कर्जाची धास्ती किंवा अपुरी झोप ते आणखी वाढवते.

शरीर आणि मन यांचं हे नातं मोजून पाहणारी एक संस्था महाराष्ट्रात शंभर वर्षांमागे उभी राहिली. लोणावळ्याचं कैवल्यधाम. तिच्या संस्थापकाची उमेदीची वर्षं मात्र आपल्या खान्देशात गेली.

हे संस्थापक, जगन्नाथ गणेश गुणे, १९१६ साली अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक म्हणून आले. पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. हे महाविद्यालय १९२३ मध्ये बंद पडलं. (१९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. एका गावाला लागोपाठ असे दोन शिक्षक मिळावेत, हे भाग्यच.) गुण्यांनी मालसरच्या माधवदास महाराजांकडून योग घेतला होता, पण श्रद्धेवर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १९२०च्या सुमारास, अमळनेरची नोकरी चालू असतानाच, त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, हे दाबमापकानं दाखवलं. त्या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं.

१९२४च्या विजयादशमीला कैवल्यधाम सुरू झालं, ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिकही त्याच वर्षी निघालं. गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. मला त्यांची सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: प्राणायामानं प्राणवायू भरपूर मिळतो, या लाडक्या समजुतीला मोजमापाचा आधार मिळाला नाही, तेव्हा त्यांनी तसं लिहिलं. प्राणायामाचं महत्त्व मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, असं ते मांडत राहिले. १९२७ मध्ये रक्तदाबानं बेजार झालेल्या गांधीजींनी त्यांच्याकडून आसनांचा सल्ला घेतला. १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला केंद्र झालं, १९५०च्या सुमारास योग महाविद्यालय, पुढे रुग्णालय. १९६६ मध्ये स्वामीजी गेले. काम चालू राहिलं.

शरीर-मनाचं हे नातं योगाला जुनंच ठाऊक होतं. पतंजलींनी अंतरायांत, म्हणजे योगाच्या वाटेवरच्या अडथळ्यांत, व्याधी पहिली सांगितली. दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास हे विक्षेपाचे, म्हणजे चित्ताच्या चळण्याचे, सोबती मानले. वेदनेच्या आजच्या अभ्यासकाला ही यादी परकी वाटणार नाही. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतच अडवला किंवा मोकळा सोडला जातो, आणि मेंदूचाही त्यावर ताबा चालतो. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जॉन काबाट-झिन यांनी डॉक्टरी उपायांनी न हटलेल्या दुखण्याच्या रुग्णांना ध्यान आणि हठयोगाचे धडे देत ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. याला लोणावळ्याचा थेट वारसा म्हणणं बरोबर नाही, पण प्रश्न तोच होता. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी व्यायाम, योग आणि असे ताणमुक्तीचे कार्यक्रम सुचवले.

आमच्या तालुक्यात मात्र बाई अजून सुई टोचून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पराटीत उतरते. आरोग्य उपकेंद्रांवर योगवर्ग घ्यायची सरकारी योजना आहे. ते वर्ग वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी, बाया शेतातून परतल्यावर भरवायला हवेत. आणि पहिल्याच दिवशी, कुठलंही आसन शिकवण्याआधी, दुखणं खरं आहे हे त्यांना तोंडभरून सांगायला हवं.