इस्पितळाची वाट आणि घराची जागा

मारेगावाहून वणीमार्गे वरोऱ्याकडे निघाले, म्हणजे पाटाळ्याजवळ वर्धा नदीचा पूल लागतो. एके काळी ही नदी दोन मुलखांची शीव होती. अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मध्यप्रांताचा चांदा जिल्हा. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा अंमल इंग्रजांकडे आला आणि पुढे जिल्ह्यांची मांडणी झाली, तेव्हा आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणीचे नाव मिळाले आणि 1905 पर्यंत सरकारी दप्तरात ते टिकले. तहशील, कचेरी, ठाणे आणि दवाखाना ही साहेबी अंमलाची चार बिऱ्हाडे या मुलखात थोड्याफार अंतराने येऊन राहिली. पहिल्या तिहींशी लोकांनी हळूहळू जुळवून घेतले. दवाखान्याशी मात्र फार काळ जमले नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया ‘त्याले दवाखान्यात नेलं’ हे वाक्य ज्या खालच्या पट्टीत उच्चारीत, त्याच पट्टीत त्या ‘नदीवर नेलं’ असेही म्हणत, आणि ऐकणाऱ्याला त्या दोन वाक्यांतला फरक क्षणभर उमगत नसे.

या भयाचे स्पष्टीकरण शिकलेल्या मंडळींनी फार स्वस्तात करून टाकले आहे. अडाणीपणा, अंधश्रद्धा, भगतावरचा विश्वास, सुईची धास्ती अशी कारणे देऊन ती मोकळी झाली. ही कारणे सर्वस्वी खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास थोडा उलगडून पाहिला, तर असे दिसते की गरिबाला इस्पितळाच्या खाटेपेक्षा आपल्यामागे राहिलेल्या घराची चिंता अधिक होती, आणि ती चिंता निराधार नव्हती. रोग्याला उचलून नेणारा हात आणि त्याचे खोपट मोडणारा हात हे पुष्कळदा एकाच कचेरीतून, एकाच हुकुमाने निघत असत.

23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला, तेव्हा या रोगाचा जंतू जेमतेम दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगात सापडलेला होता आणि तो माणसात शिरतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो घाणीत असतो, ओलीत असतो, अंधारात असतो, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. आणि घाण, ओल व अंधार ही गरिबांच्या वस्तीत विनासायास सापडत असल्यामुळे रोगाचा बंदोबस्त म्हणजे त्या वस्तीचा बंदोबस्त, हे समीकरण साहेबाला सरळच वाटले. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला, की संशयित रोग्याला जरूर पडल्यास बळाने इस्पितळात न्यावे आणि त्याचे घर शुद्ध करून घ्यावे. शुद्ध करणे हा शब्द ऐकायला सोवळा आहे. प्रत्यक्षात ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवीत, भिंतींना चुना फाशीत, जमीन उकरीत, गोधड्या आणि चिंध्या चौकात नेऊन पेटवीत, गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडीत. आणि जे घर राहण्यास अयोग्य ठरे त्याच्या दारावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत. ज्याचे घर त्याला ती वाचता येत नसत, पण त्यांचा अर्थ मात्र आळीतल्या पोरालाही कळे. उंदीर आणि पिसू यांचे कारस्थान पुढे उघडकीला आल्यावर ध्यानात आले, की या धुलाईने उंदरांना शेजारच्या आळीत पिटाळण्याचेच काम बरेच झाले असले पाहिजे. परंतु तोवर पुष्कळांची छपरे उतरलेली होती.

त्या महिन्याच्या अखेरीस, 29 तारखेला, सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल करून दगडफेक केली. नगरपालिकेने घाबरून आपले नियम सैल केले. परंतु 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथींच्या रोगांचा कायदा जारी झाला आणि म्युनिसिपालिटीच्या हातची छडी सरकारच्या हातात गेली. पुण्याची कथा सर्वश्रुत आहे: रँडसाहेबाची समिती, गोऱ्या सोजिरांच्या झडत्या, देव्हाऱ्यापर्यंत पोहोचलेले बूट, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावरचा चाफेकरांचा बार. पाठ्यपुस्तकांनी ती आपल्याला पाठ करून दिलेली असल्याने येथे तिचा विस्तार नको. त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट मात्र त्या बाराच्या आवाजात दबून गेली. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला; मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या, त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. सोजिरांच्या झडत्या त्याच मार्चात सुरू झाल्या. पुढे टिळकांच्या खटपटीने हिंदूंसाठी प्लेगचे स्वतंत्र इस्पितळ उघडले, तेव्हा तेथेही लोक गेले. म्हणजे लोकांना खाटेचा वा औषधाचा विटाळ नव्हता. कोण नेतो, मागे काय उरते, आणि परत कोठे यावयाचे, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

खेड्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते काढलेले होते. वऱ्हाडातही पुढे प्लेग आला. आणि उंदीर पडू लागले की गाव आपण होऊन बाहेर पडे. शेतात, आमराईत, नाल्याकाठी पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या काड्यांच्या झोपड्या उभ्या राहत, पाटील-पटवारीही त्यांतच बिऱ्हाड मांडीत, आणि साथ ओसरल्यावर, सारवण करून, सारे आपापल्या घरी परतत. आश्चर्य असे, की औषधे आणि टोचण्या यांपेक्षा हे गाव सोडणेच अधिक गुणकारी, असे सरकारी डॉक्टरांनीही शेवटी मान्य केले. आमच्या मारेगाव-पांढरकवड्याच्या टापूतील कोलामांना तर हे शिकवावे लागले नाही. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोड ही गावाला खेटून नसते. ती जंगलाच्या कडेला, आपल्या देवाच्या आणि पाण्याच्या सोयीने बसते, आणि मरकी आली तर जुनी जागा टाकून नवी धरण्याचा परिपाठ त्यांच्यात होता. ती मोडायची तर त्यांनीच आणि मांडायची तरी त्यांनीच. जंगलखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि महसूलखात्याने पडीत जमिनीला ‘ई-क्लास’ असे नाव दिले, तेव्हापासून तेच हलणे हा गुन्हा झाला आणि तेच राहणे हे अतिक्रमण झाले.

मुंबईत प्लेगाने आणखी एक संस्था मागे ठेवली. 1898 च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, आरंभी पाडले अधिक आणि बांधले कमी, आणि पाडलेल्या चाळींतील माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. 1933 साली तो महापालिकेत विलीन झाला. त्याची कामगिरी दादर-माटुंग्याच्या सुखवस्तू घरांना विचारावी.

परंतु इस्पितळ आणि हकालपट्टी यांची गाठ खरी पक्की बसली ती महारोगाच्या बाबतीत, आणि ती बांधणारा गृहस्थ मोठा चमत्कारिक होता. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे नाव मराठी वाचकाला परिचित असते ते पोवाड्यांमुळे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्याने 1891 साली इतिहासप्रसिद्ध पुरुषांच्या व स्त्रियांच्या पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि गोंधळ्यांच्या तोंडची आपली शाहिरी एका गोऱ्या अधिकाऱ्याने छापून राखली याबद्दल आपण आजवर कृतज्ञता मानीत आलो. हाच ॲक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. पोवाडे निघण्याच्या आदल्या वर्षी, 1890 साली, त्याने माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम उघडला, आणि 1888 च्या म्युनिसिपल कायद्यातील संसर्गजन्य रोगांच्या कलमांचा आधार घेऊन रस्त्यांवरचे, देवळांच्या पायऱ्यांवरचे भिकारी महारोगी तेथे नेऊन ठेवले. त्याने केले ते क्रौर्य होते असे म्हणवत नाही, कारण त्या लोकांना अन्न, पाणी, छप्पर आणि मलमपट्टी मिळाली. निव्वळ करुणा होती असेही म्हणवत नाही, कारण करुणेला श्रीमंत महारोगीही दिसावयास हवा होता. एकीकडे डफ-तुणतुण्यावर भटकणाऱ्या गोंधळ्याला बोलावून त्याच्याकडून पोवाडा उतरवून घेणारा आणि दुसरीकडे भटक्या रोग्याला रस्त्यावरून उचलणारा हा माणूस एकच होता, ही गोष्ट मला नेहमी बुचकळ्यात टाकते.

आठ वर्षांनी, 1898 साली, हिंदुस्थान सरकारने महारोग्यांचा कायदाच केला. त्याची भाषा वाचण्यासारखी आहे. त्यात पकडण्याजोगा ठरतो तो निर्धन महारोगी: जो उघड्यावर भिक्षा मागतो, किंवा ज्याला निर्वाहाचे काही दृश्य साधन नाही. अशाला पोलिसाने वॉरंटावाचून धरावे आणि मॅजिस्ट्रेटने आश्रमात पाठवावे. इतर महारोग्यांना सार्वजनिक विहिरीवर धुण्या-न्हाण्याची, खाद्यपदार्थ विकण्याची, भाड्याची गाडी हाकण्याची मनाई करण्याची सोय होती, पण वाड्याच्या माडीवर बसलेल्या महारोगी सावकाराला हा कायदा हात लावीत नसे. रोग अधिक दारिद्र्य बरोबर अपराध, असा हा हिशेब होता. पारतंत्र्यात झालेला हा कायदा स्वातंत्र्यानंतरही उरला आणि 2016 साली संसदेने तो रद्द केला.

या हिशेबाला जाब विचारला गेला तो आमच्याच नदीखोऱ्यात. 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली. सेवाग्रामात परचुरेशास्त्री हे व्याधिग्रस्त विद्वान आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच आपल्या कुटीनजीक झोपडी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केले. अमरावतीला 1946 साली डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले. आणि पुलापलीकडे वरोऱ्याला, जेथे नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंग्यांच्या बरोबरीने मैला वाहून पाहणारे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील होते, तेथे गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा रोगी पाहून ते भ्याले, त्या भयाची त्यांना लाज वाटली, आणि 1951 च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. सहा रोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि सरकारने दिलेले पन्नास एकर खडकाळ रान, एवढे भांडवल होते. पहिल्यांदा खणली ती विहीर. रोगी बरा झाल्यावर जाणार कोठे, हा प्रश्न बाबा आमट्यांनी आधी सोडविला आणि रोग बरा करण्याचा प्रश्न त्याच्या पोटात घातला. इस्पितळ आणि गाव यांतले कुंपणच काढून टाकले. या संस्थेच्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्यात विशेष वाटतो तो हा साधा व्यवहार, की तेथे खाटेवरच्या माणसाला परत जाण्याच्या जागेची धास्ती राहिली नाही.

बाकीच्यांना ती राहिली. 1981 च्या जुलैत, ऐन पावसात, मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पाडून माणसांना एस.टी.त घालून गावी धाडण्याचा हुकूम मुख्यमंत्री अंतुले यांनी सोडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या 314 व्या कलमाखाली पूर्वसूचनेवाचून झोपडी काढता येत होती, ते कलम त्याच 1888 च्या कायद्यातले, ज्याच्या आधाराने ॲक्वर्थने महारोगी उचलले होते. एकाच पोथीत ही दोन्ही पाने होती. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने निर्वाहाचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे सांगितले, परंतु कलम वैध ठरविले. झोपड्या पाडाव्यात, मात्र सामान्यतः सूचना देऊन, आणि त्या वर्षी 31 ऑक्टोबरपूर्वी नव्हे. तत्त्व गरिबाला मिळाले आणि मुदत पावसाळ्यापुरती.

आता तहशिलीच्या गावांनाही नगरपंचायती आल्या आहेत, आणि रस्त्याकडेच्या टपऱ्या व ई-क्लासवरची खोपटी यांचा पूर्वी जो प्रश्न पटवाऱ्याच्या चहात विरघळत असे तो नोटिशीच्या कागदावर येऊ लागला आहे. काही वर्षांपूर्वी मी एका सरकारी इस्पितळात नऊ दिवस पडून होतो. शेजारच्या खाटेवर मोलमजुरी करणारा एक म्हातारा होता. त्याच्या पायाची जखम भरत आलेली होती आणि त्याची लेक दोन दिवसांआड एस.टी.ने त्याच्यासाठी भाकरी आणि तिखटाची पुडी आणीत असे. तिसऱ्या फेरीला ती आली ती भाकरीबरोबर एक गाठोडे घेऊन. त्यात पितळी गंज, देवाचा फोटो, राशन कार्ड आणि दाराची कडी होती. दार गेले, कडी तिने काढून आणली होती. म्हाताऱ्याने ती कडी बराच वेळ हातात फिरवली आणि उशीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी त्याला सुट्टी दिली. वॉर्डात सुट्टी म्हटले की प्रत्येकाचा चेहरा उजळतो. म्हातारा मात्र सिस्टरकडे पाहून म्हणाला, “बाई, अजून दोन-चार रोज राहू द्या नं. पाय दुखते.”

“पाय तर बरा झाला, बाबा,” सिस्टर म्हणाली, आणि सुट्टीच्या कार्डावर भरती होतानाच्या कागदावरचा पत्ता उतरवू लागली. तिचे अक्षर मोठे सुंदर होते. वस्तीचे नाव, वॉर्ड नंबर, नाल्याजवळ. म्हाताऱ्याने अंगठा उठवला, कार्ड घडी करून राशन कार्डात ठेवले, आणि उशीखालची कडी घेण्यासाठी परत वळला.