वन्समोअर : रसिकांच्या हट्टाचा इतिहास

संगीताच्या इतिहासांत गायकांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं. परंतु ज्यांनीं त्या गायकांना डोक्यावर घेतलें, त्या श्रोत्यांचें चरित्र लिहिण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाहीं. आणि तें साहजिकच आहे. टाळी वाजतांक्षणींच विरून जाते. तिची नोंद ना संहितेंत राहते, ना स्वरलेखनांत. तरीही मराठी संगीत रंगभूमीला जें रूप आलें, तें घडविण्यांत पिटांत बसलेल्या प्रेक्षकाचा हात नटाच्या हाताइतकाच होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या प्रश्नाचा विचार करण्यास खानदेश ही जागा मोठी सोयीची आहे. जळगांवांत बालगंधर्वांच्या नांवाचें खुलें नाट्यगृह आहे, आणि दर वर्षीं जानेवारीच्या आरंभीं त्यांच्याच नांवानें तेथें संगीत महोत्सव भरतो. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य हें सर्व त्यांत असतेंच; पण नाट्यपदांची पाळी आली कीं सभागृहाची नाडी बदलते. त्या वेळीं पडणारी टाळी कोणाला असते? समोर बसलेल्या तरुण गायकाला, कीं जो गायक १९६७ सालींच निघून गेला त्याला? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें, तर बरेंच मागें जावें लागतें.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. शिक्षणासाठीं हा मुलगा नातलगांकडे जळगांवीं राहिला. शाळेंतलें शिक्षण बेताचेंच झालें, पण मेहबूबखां यांच्यापाशीं स्वरांचें पहिलें शिक्षण झालें तें याच गांवीं. ‘बालगंधर्व’ ही पदवी त्यांना लोकमान्य टिळकांनीं पुण्यास दिली असें परंपरा सांगते. तेव्हां लौकिक पुण्याचा खरा, परंतु कान तयार झाला तो तापीच्या खोऱ्यांत, ही गोष्ट खानदेशकर विसरत नाहींत, आणि त्यांनीं ती विसरूंहि नये.

आतां प्रेक्षकांकडे वळूं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां गाण्याचा सारा भार सूत्रधारावर होता. पात्रें येत, सूत्रधार पद म्हणे, पात्रें त्यास अनुसरून हातवारे व भाषणें करीत. राक्षस आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर उतरला कीं पुढें बसलेलीं पोरें मागें सरकत. तेथें भय होतें, कौतुक होतें, भक्तिहि होती. परंतु अमुक एक पद पुन्हां म्हणा, असा आग्रह धरावा इतकें पद आणि पात्र यांचें नातें जडलेलें नव्हतें. तें नातें जोडलें अण्णासाहेब किर्लोस्करांनीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. सूत्रधाराच्या गळ्यांतलीं पदें आतां दुष्यंत, कण्व व शकुंतला यांच्या गळ्यांत गेलीं. जो बोलतो तोच गातो, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या रात्रीं ती नवलाची होती. दोनच वर्षांनीं ‘सौभद्र’ आलें, आणि भाऊराव कोल्हटकरांचा गळा लोकांच्या कानीं पडला. तेथून पुढें नाटकगृहांत एक इंग्रजी शब्द घुमूं लागला. ज्यांना दुसरा एकहि इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता, त्यांच्याहि तोंडीं तो बसला. तो शब्द म्हणजे ‘वन्समोअर’.

गंमत अशी कीं, या अर्थीं स्वतः इंग्रज ‘आँकोर’ म्हणतात, जो शब्द फ्रेंचांचा. आणि फ्रेंच लोक ‘बिस’ म्हणतात, जो शब्द लॅटिन. दुसऱ्याच्या भाषेंत हट्ट करणें बहुधा सोपें जात असावें. हा हट्ट राज्यकर्त्यांनाहि आवरावा लागलेला आहे. १७८६ सालीं व्हिएन्ना येथें मोझार्टचें ‘फिगारोचें लग्न’ हें संगीतक रंगभूमीवर आलें, तेव्हां पुनरुक्तीच्या मागण्या इतक्या वाढल्या, कीं सम्राट् दुसरा जोसेफ यास हुकूम काढावा लागला : एकट्या गायकाचें पद पुन्हां म्हणावें, परंतु अनेकांनीं मिळून गावयाचीं पदें पुन्हां म्हणूं नयेत. महाराष्ट्रांत असा हुकूम काढणारा कोणी नव्हता. म्हणून येथें रात्र सरून पहांट होई.

‘शाकुंतला’त पदें दोनशेंच्या आसपास होतीं, पुढें खाडिलकरांनीं ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या नाटकांत ती संख्या पन्नासाच्या आसपास आणली. संख्या घटली, पण वेळ घटला नाहीं. कारण प्रत्येक पद आतां बैठकीच्या चिजेसारखें विस्तारूं लागलें होतें. ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांचें मार्गदर्शन, मागें सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा! अशा साथीवर बालगंधर्व पद म्हणूं लागले, कीं प्रेक्षक एका वन्समोअरनें तृप्त होत नसत. येथें एक मुद्दा नीट ध्यानांत ठेवावयास हवा. ही मागणी त्याच त्या वस्तूची मागणी नव्हती. बालगंधर्व दुसऱ्यांदा पद म्हणत तें पहिल्यासारखें नसे, आणि तिसऱ्यांदा म्हणत तें दुसऱ्यासारखें नसे. शब्द तेच, ताल तोच. पण एखादी जागा नव्यानें वळविलेली असे, एखादा शब्द किंचित् थांबून टाकलेला असे. श्रोत्याला ठाऊक असे, कीं पुन्हां मागितलें तर निराळें मिळेल. म्हणून तो मागे.

याची किंमत नाटकाला द्यावी लागली, हें कबूल करणें भाग आहे. ‘एकच प्याला’ १९१९ सालीं बडोद्यास प्रथम झालें. दारिद्र्यानें गांजलेल्या सिंधूच्या दुःखाला लोकांनीं वन्समोअर द्यावा, आणि सिंधूनें डोळे पुसून तें दुःख पुन्हां आरंभावें, यांत कलेची हानि नाहीं असें कोण म्हणेल? गडकऱ्यांच्या संवादांची धार गाण्यानें बोथट होते, ही तक्रार त्या काळींहि होती आणि ती खोटी नव्हती. परंतु प्रेक्षक कथानक पाहण्यास येतच नसे. कथानक त्यास पाठ होतें. रामायणाची कथा ठाऊक असतांना माणूस कीर्तनास जातो, तसा तो येई.

आणि टाळ्या वाजविणाऱ्याला पडद्यामागचें कांहीं दिसत नसे. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईच्या रिपन थिएटरांत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढें ढकलावा असा विचार निघाला असतां त्यांनींच तो मानला नाहीं, आणि संध्याकाळीं ते भामिनीच्या वेषांत उभे राहिले. रसिकांचा हक्क किती मोठा मानला जात होता, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणार नाहीं. तो हक्क इतका मोठा असावा काय, हा प्रश्न त्या रात्रीं कोणी विचारला नाहीं.

या साऱ्या इतिहासांतील शिखर म्हणजे ८ जुलै १९२१ ची रात्र. टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलें. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पहिल्या प्रतीच्या तिकिटाचा दर शंभर रुपये होता. त्या काळीं अनेक कारकुनांचा दोन-तीन महिन्यांचा पगार! प्रेक्षकांत सरळ दोन तट होते. केशवरावांचे चाहते त्यांच्या उंच, तेजस्वी, थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजासाठीं आले होते; बालगंधर्वांचे चाहते त्या आर्जवी, लडिवाळ गायकीसाठीं. प्रत्येकाला आपल्या माणसाचा जय पाहावयाचा होता. पण अशी कुस्ती लागलीच नाहीं. दोघांनींहि एकमेकांस सांभाळून घेतलें, दोघांनाहि वन्समोअर मिळाले, आणि एका रात्रींत सोळा हजारांहून अधिक रुपये फंडासाठीं जमले. मतलब साधून आलेल्या प्रेक्षकाला शेवटीं दोन्ही तटांच्या टाळ्या वाजवाव्या लागल्या. पुढें तीन महिने पुरते उलटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव वारले. वय अवघें एकतीस. ज्यांनीं शंभर रुपये देतांना कुरकुर केली असेल, त्यांना आपण काय ऐकलें याचा अर्थ त्या दिवशीं उमगला असेल.

यानंतर वन्समोअरचा घरांत प्रवेश झाला. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटें मावत. नाटकगृहांत अर्धा तास चालणारें पद त्या अवकाशांत कोंबावयाचें, म्हणजे चूर्ण करून पुडींत बांधण्यासारखेंच. तरी लोकांनीं तें आनंदानें घेतलें. सुई उचलावी, पुन्हां आरंभीं ठेवावी. गवई थकत नाहीं, दिवा विझत नाहीं. मात्र या वन्समोअरमध्यें एक गोष्ट उरली नाहीं. दहाव्या वेळींहि तेंच ऐकूं येतें, जें पहिल्या वेळीं ऐकूं आलें. पिढ्यान् पिढ्या घरांतून त्याच तीन मिनिटांचे संस्कार झाले, आणि हळूहळू तीं तीन मिनिटें म्हणजेच बालगंधर्व, अशी समजूत दृढ झाली. चित्रपटानें यांत भरच घातली. १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत ते एकनाथांच्या भूमिकेंत दिसले; परंतु पडद्यावरच्या नटास वन्समोअर ऐकूं येत नाहीं, आणि ज्या गायकाचें गाणें प्रेक्षकाच्या हुंकारावर फुलत असे, त्याला ही मुकी प्रेक्षकसभा मानवली नाहीं. त्या एकाच चित्रपटानंतर प्रभातशीं त्यांचा संबंध संपला. नभोवाणीवर तर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदीच होती. ज्या नाट्यसंगीताचा जीव ऑर्गनच्या सुरांत गुंतलेला, त्यानें तंतुवाद्यांच्या आधारावर श्रोत्यांच्या घरीं जावें, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

१५ जुलै १९६७ रोजीं बालगंधर्व गेले. पुढच्याच वर्षीं, २६ जून १९६८ रोजीं, पुण्यांत त्यांच्या नांवाचें रंगमंदिर उघडलें. त्याच दशकाच्या अखेरीस भुसावळजवळ दीपनगरास औष्णिक विद्युत् केंद्र चालूं झालें. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, तो श्रोत्यांच्या बाजूनें. एके काळीं वऱ्हाड-नागपुराकडे निघालेल्या नाटक मंडळ्यांना भुसावळचें जंक्शन चुकत नसे. रेल्वेच्या चाकऱ्यांनीं नाना प्रांतांचीं माणसें तेथें आणलीं होतीं. दीपनगरासारख्या वसाहतींनीं तेंच पुढें चालविलें. बदलीच्या नोकरींत कोंकणचा, वऱ्हाडचा, देशावरचा माणूस शेजारीं येतो. गणेशोत्सवाच्या मांडवांत त्यांची एक सभा होते. आणि या सर्वांना समान असें जें गाणें असतें, तें बहुधा ध्वनिमुद्रिकेवरून कानीं बसलेलें असतें. येथला श्रोता बालगंधर्वांना पाहिलेला श्रोता नव्हे. तो मुद्रिकेवर वाढलेला श्रोता आहे.

म्हणूनच स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींत एक विचित्र पेंच उभा राहतो. गायकानें पद हुबेहूब उठविलें, कीं मुद्रिकेवर वाढलेला श्रोता प्रसन्न होतो, ‘अगदी तसेंच!’ हा उद्गार निघतो. २०११ सालीं निघालेल्या ‘बालगंधर्व’ चित्रपटांत सुबोध भावे यांनीं भूमिका केली आणि आनंद भाटे यांनीं पदें म्हटलीं. तेव्हां ज्या तरुणांनीं संगीत नाटक कधींच पाहिलें नव्हतें, त्यांनींहि हाच उद्गार काढला. परंतु ‘तसेंच’ म्हणजे कसें? ज्या माणसाचें गाणें दोन वेळां एकसारखें झालें नाहीं, त्याचें हुबेहूब अनुकरण करावयाचें तें कोणत्या रात्रीचें? जो गायक एखादी जागा सोडून नवी घेतो, तो मूळ पुरुषाच्या अधिक जवळ जातो. आणि नेमका तोच पुष्कळदां श्रोत्यांच्या कपाळावर आठी आणतो.

पश्चिमेकडे याच्या उलट घडलें. ‘बीटल्स’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या जलशांत श्रोत्यांचा किंकाळ्यांचा गदारोळ इतका होई, कीं गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकूं येईना. १९६६ नंतर त्यांनीं जाहीर दौरे करणेंच सोडलें. पुढें त्यांचीं गाणीं तशींच्या तशीं वाजवून दाखविणारे अनुकरणकार निघाले, आणि मूळ श्रोत्यांना जें ऐकूं आलें नव्हतें, तें या दुसऱ्या पिढीच्या श्रोत्यांनीं स्वस्थ बसून ऐकलें. तेथें अनुकरणानें गाणें परत मिळवून दिलें. इकडे मात्र तें मिळवावयाचें, तर अनुकरण मध्येंच कोठेंतरी टाकून द्यावें लागतें.

खानदेशच्या श्रोत्याकडून याबाबत आशा धरण्यास जागा आहे. त्याच्या मागें केवळ नाट्यगृहाची परंपरा नाहीं. तमाशाच्या फडाचीहि आहे. फडांत दौलतजादा होई, म्हणजे आवडलेल्या जागेला रोख बक्षीस! देणाऱ्याचें नांव घेतलें जाई, आणि तें नांव गुंफून गाणें पुढें सरके. दाद दिल्याबरोबर गाणें बदलतें, हें त्या श्रोत्याला कोणी शिकविलेलें नाहीं; तें त्याच्या अंगवळणीं पडलेलें आहे. शहरांतल्या सभ्य सभागृहांत ही संवय दबते, संपूर्ण मरत नाहीं. नवी हरकत चांगली उतरली, कीं मागच्या रांगांतून ‘वाः’ येतो, आणि तो पुढच्या रांगांच्या आधीं येतो.

उघड्या नाट्यगृहांत आतां एकच अडचण उरली आहे, आणि ती कलेची नाहीं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्रीं दहानंतर उघड्या जागीं ध्वनिवर्धक चालूं देत नाहींत. शासन वर्षांतून थोडे दिवस बारापर्यंत सवलत देऊं शकतें, तेवढीच. नियम रास्त आहे, रुग्णाला आणि विद्यार्थ्याला झोंप हवी. पण मग भैरवीला वन्समोअर आला, कीं गायक आधीं संयोजकाकडे पाहतो, आणि संयोजक घड्याळाकडे.