हिवाळ्याच्या तोंडावर फुलझाडांची निगा

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी सर्वात मोठा असलेला भातसा जलाशय शहापूर तालुक्यात आहे. सातही जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात असतो. तरीही याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणालगतच्या भातसानगर परिसरात, तसेच मुरबाडकडच्या डोंगरपट्ट्यात घराभोवती बाग राखणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवूनच हिवाळ्याची तयारी करावयास हवी. येथे झाडांना हिमाचे भय नाही. भय आहे ते पावसाळ्यानंतर झपाट्याने ओसरणाऱ्या ओलीचे.

या भागात वर्षाला सुमारे २,५०० मि.मी. पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पाऊस परतला की कडक ऊन तापू लागते. अनेक ठिकाणी मातीचा थर उथळ असून खाली मुरूम लागतो. त्यामुळे पाणी लवकर निचरते आणि मुसळधार सरींबरोबर मातीतील नत्रही वाहून जाते. म्हणूनच बागेची मुख्य कामे दिवाळीच्या मागेपुढे उरकणे श्रेयस्कर ठरते.

आळी आणि आच्छादन

पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून लावलेली मातीची भर प्रथम सारखी करावी. फांद्यांचा घेर जेथे संपतो, तेथवर उथळ आळे करावे. अन्न-पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या बुंध्यापासून दूरवर पसरलेल्या असतात. माती हलक्या हाताने भुसभुशीत करून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी देऊन झाल्यावर आळ्यावर दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन पसरावे. भातकापणीनंतर मिळणारा पेंढा किंवा बी धरण्यापूर्वी कापलेले तण याकरिता उत्तम; पुढे सागाची पानगळ सुरू झाली की तो पालाही जाळून न टाकता वापरावा. मात्र वाळवी व बुरशी टाळण्यासाठी बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी.

छाटणी कोणाची, कधी?

सर्व झुडपे एकाच वेळी छाटणे ही नेहमी घडणारी चूक होय. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून करावी. रोगट व वाळक्या फांद्या मुळापासून काढून तीन ते पाच सशक्त फांद्या सुमारे दीड फुटावर, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापाव्यात. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येऊ लागतात. जास्वंदीची पावसात माजलेली वाढ एक तृतीयांशाने कमी करावी. तिची फुले नव्या फुटीवर येतात. पारिजातकाची छाटणी बहर ओसरल्यावर करावी.

कुंद मात्र हिवाळ्यातच फुलतो. त्याला आता कात्री लावल्यास वर्षाचा बहर हातचा जातो. मोगऱ्याचे याउलट आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून त्यास ताण द्यावा, मग छाटणी करून खत-पाणी सुरू करावे, म्हणजे तो उन्हाळ्यात भरभरून फुलतो. बोगनवेलीलाही पाणी बेतानेच द्यावे. अति पाण्याने पानेच वाढतात.

पाणी आणि रोग

रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. त्याऐवजी जमिनीतील मुरलेल्या झुडपांना चार-पाच दिवसांनी सकाळी आळे भरून पाणी द्यावे. केवळ शनिवार-रविवारी येणाऱ्यांना आच्छादित आळ्यांवर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देऊनही जुनी झुडपे जगविता येतात. कुंड्या मात्र लवकर सुकतात. त्या एकत्र, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवून त्यांच्या पाण्याची सोय शेजाऱ्यांकडे सोपवावी. साबण नसलेले, भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी वाया घालवू नये.

उबदार दिवस आणि गार, दमट रात्री यांमुळे गुलाबावर भुरी येते. संध्याकाळी पाने भिजवू नयेत. लागण दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, ऊन चढण्यापूर्वी फवारावे. जास्वंदीवरील पांढऱ्या पिठ्या ढेकणांचे शेंडे कापून नष्ट करावेत व कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

अखेरचे काम कुंपणाबाहेरचे. माळावरील गवत वाळले की वणव्यांचा धोका वाढतो. तेव्हा कुंपणालगतचे गवत वेळीच कापून मोकळा पट्टा राखावा आणि आच्छादनाचे साहित्य तेथे साठवू नये. दिवाळीच्या सुमारास एवढी मशागत झाली, तर मे महिन्यात विहीर-बोअरवेलचे पाणी आटू लागते, तेव्हा बागेसाठी पाण्याचा हट्ट धरावा लागत नाही. पिण्याचे पाणी पिण्यासाठीच राहते.